विश्लेषण : ‘श्री’ फुटतं, बटण गायब होतं… एकच मराठी पान दोन फोनवर वेगळं का दिसतं?

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या यात्रेत समुद्राकाठचं मंदिर माणसांनी फुलून जातं. यात्रा सरली की हापूसचा हंगाम येतो. राहायची सोय विचारायची असो की आंब्याची पेटी मागवायची असो, आता पहिली गाठ पडते ती फोनवर आलेल्या एखाद्या लिंकशी.

अडचण इथेच सुरू होते. पान बनवणारा ते आपल्या अँड्रॉइड फोनवर तपासतो आणि त्याला सगळं नीट दिसतं. तीच लिंक मुंबईत कुणी आयफोनवर उघडतं, दुबईत कुणी इन्स्टाग्रामच्या आतच उघडतं, तर गावात कुणी बऱ्याच वर्षांपूर्वीच्या फोनवर. कुठे ‘मागणी नोंदवा’चं बटण पडद्याखाली जातं, कुठे ‘सिंधुदुर्ग’वरचा रफार कापला जातो, कुठे ‘श्री’ हे अक्षर ‘श्’ आणि ‘री’ असं फुटतं. ग्राहक पान बंद करून दुसरीकडे जातो. विकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा दोष ब्राउजरचा, पान लिहिणाऱ्याचा की आपल्या लिपीचा? आणि त्यावर उपाय काय?

पानाला रूप कोण देतं?

वेबवरचं कुठलंही पान दोन मुख्य गोष्टींनी बनतं. एक म्हणजे मजकूर. दुसरी म्हणजे तो मजकूर कसा दिसावा याच्या सूचनांची यादी. अक्षरं केवढी, ओळींमध्ये अंतर किती, बटण कुठे, रंग कोणता, हे सगळं त्या यादीत असतं. या यादीला स्टाइलशीट म्हणतात आणि ती ज्या भाषेत लिहितात ती सीएसएस.

सीएसएसची कल्पना होकोन व्हिउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडली. तिची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली.

या सूचना वाचून पान प्रत्यक्ष रंगवण्याचं काम ब्राउजरच्या आतलं इंजिन करतं. आज जगात तीन मोठी इंजिनं आहेत. क्रोम, एज आणि ऑपेरा ‘ब्लिंक’वर चालतात, सफारी ‘वेबकिट’वर आणि फायरफॉक्स ‘गेको’वर. एकच पाककृती तीन स्वयंपाकघरांत गेली तर चवीत फरक पडतो. इथेही तसंच होतं. एखादी सूचना एका इंजिनाने चुकीची वाचली, तर तो झाला ब्राउजरचा बग.

ही भानगड जुनी आहे का?

फार जुनी. सीएसएस आली त्याच वेळी नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात ब्राउजरची लढाई पेटली होती. दोघांनीही घाईघाईत, आपापल्या समजुतीने सूचना राबवल्या.

त्या काळातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण चौकटीच्या रुंदीचं. समजा, एका चौकटीची रुंदी २०० पिक्सेल सांगितली आणि आत दोन्ही बाजूंना २०-२० पिक्सेल मोकळी जागा ठेवायला सांगितली. नियमानुसार चौकट एकूण २४० पिक्सेलची व्हायला हवी, कारण २०० हे माप फक्त मजकुराच्या जागेचं. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र मोकळी जागा त्या २०० मध्येच धरायचा. ४० पिक्सेलच्या या फरकाने शेजारी शेजारी मांडलेले रकाने एकाखाली एक घसरायचे.

यावर टँटेक चेलिक यांनी एक क्लृप्ती शोधली. सूचना वाचताना त्या ब्राउजरकडून आणखी एक चूक व्हायची. तिचाच फायदा घेऊन त्याला वेगळं माप द्यायचं आणि बाकीच्यांना खरं माप द्यायचं. काट्याने काटा काढण्याचा हा प्रकार पुढे जगभर पसरला.

त्यात एक धोका होता. ऑगस्ट २००१ मध्ये आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ पाच वर्षं जवळपास जसाच्या तसा राहिला. ऑक्टोबर २००६ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा सूचना वाचण्यातल्या अनेक जुन्या चुका दुरुस्त झाल्या होत्या. मग त्या चुकांवर बेतलेल्या क्लृप्त्याच अडचणीच्या ठरल्या. पानं मोडू नयेत म्हणून क्लृप्त्या काढून टाका, असं मायक्रोसॉफ्टलाच पान बनवणाऱ्यांना सांगावं लागलं. बग आज ना उद्या दुरुस्त होतो, त्याच्यावर लावलेलं ठिगळ मात्र तसंच राहतं. त्यामुळे ठिगळ लावताना ते कशासाठी लावलं आणि कधी काढायचं हे तिथेच लिहून ठेवणं हा या कामातला पहिला धडा मानला जातो.

मराठी वाचकांच्या वाट्याला काय आलं?

इंग्रजी वाचकाला रकाना घसरलेला दिसायचा. मराठी वाचकाला अनेकदा मजकूरच दिसायचा नाही.

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळं खास फॉन्टवर चालत. आत साठवलेली अक्षरं रोमन असायची आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवायचा. फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा चिवडा. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यायला लागू नये म्हणून तो पानाबरोबरच पाठवायची सोय स्टाइलशीटमध्ये आली. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी आपला वेगळा फॉन्ट-प्रकार आणला आणि नेटस्केपने दुसरीच पद्धत धरली. एका ब्राउजरसाठी तयार केलेलं मराठी पान दुसऱ्यात उघडलं की पुन्हा चिवडा. नेहमीचे फॉन्ट पानाबरोबर पाठवण्याची सोय सफारीत २००८ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये २००९ मध्ये आली, तेव्हा हे कोडं सुटायला लागलं.

युनिकोड आल्यावरही सगळं सुरळीत झालं नाही. विंडोज एक्सपीवर मराठी जोडाक्षरं नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांचा पर्याय हाताने चालू करायला लागायचा. तो चालू असला तरी फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांत एक मोठा बग होता. परिच्छेदाच्या दोन्ही कडा समान करण्याची सूचना स्टाइलशीटमध्ये असली की भारतीय लिप्यांची जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटायच्या. वर्तमानपत्रासारखा नेटका परिच्छेद दिसावा म्हणून केलेली सोयच मजकूर वाचू देईना.

तेव्हाच्या भारतीय भाषांतल्या ब्लॉगलेखकांनी यावर साधा तोडगा काढला. टेम्पलेटमधली ती एक ओळ बदलायची आणि परिच्छेद फक्त डावीकडून समान ठेवायचा. जून २००८ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ३ मध्ये मजकूर मांडणारी यंत्रणा नव्याने बसवली गेली आणि हा त्रास संपला. वापरणाऱ्यांचा तोडगा आणि ब्राउजरची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोडग्याने आजचं पान वाचतं, दुरुस्तीने सगळ्यांचीच पानं वाचतात.

‘कुणकेश्वर’मध्ये अक्षरं किती?

मराठी माणूस सहज सांगेल, पाच. कु, ण, के, श्व, र.

संगणकाच्या लेखी मात्र या नावात नऊ संकेत आहेत. क, उकार, ण, क, मात्रा, श, हलंत चिन्ह, व, र. या नऊ संकेतांतून ‘अक्षर’ कुठे संपतं आणि पुढचं कुठे सुरू होतं हे ठरवायला युनिकोडचा एक नियम आहे. जुन्या नियमात हलंत चिन्हानंतर तुकडा संपायचा. त्यामुळे ‘श्व’चे ‘श्’ आणि ‘व’ असे दोन भाग व्हायचे आणि नाव सहा तुकड्यांचं ठरायचं. ‘सिंधुदुर्ग’ची गतही तीच. आपण चार अक्षरं मोजतो, जुना नियम पाच.

हा फरक पडद्यावर कुठे दिसतो? स्टाइलशीटमध्ये परिच्छेदाचं फक्त पहिलं अक्षर मोठं किंवा रंगीत करण्याची सूचना असते. मासिकांतल्या लेखांची सुरुवात अशी सजवलेली असते. आता परिच्छेद ‘श्री देव कुणकेश्वर’ या शब्दांनी सुरू होतो असं समजा. जुना नियम तंतोतंत पाळणारा ब्राउजर ‘श्’ एवढंच मोठं करणार, पाय मोडलेलं, आणि ‘री’ त्याच्या बाजूला लहानच राहणार. देवाच्या नावाचं पहिलंच अक्षर दोन तुकड्यांत.

युनिकोडच्या सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत हा नियम सुधारला गेला. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांतली जोडाक्षरं आता एकसंध अक्षर म्हणून धरली जातात. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. म्हणजे जोडाक्षर हे एक अक्षर असतं, ही शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट या नियमात यायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. शिवाय नियम बदलला म्हणजे फोन बदलला असं होत नाही. ज्या फोनचा ब्राउजर अद्ययावत झालेला नाही, तिथे जुनाच नियम चालू राहतो.

तोवर पान लिहिणाऱ्याचा सुरक्षित मार्ग एकच. पहिलं अक्षर कोणतं हे ब्राउजरला ओळखायला न लावता, ‘श्री’ला मजकुरातच वेगळं वेष्टण द्यायचं आणि सजावटीची सूचना त्या वेष्टणाला लावायची.

प्रत्येक बिघाड ब्राउजरचाच असतो का?

नाही. बिघाड तीन प्रकारचे असतात. त्यांची गल्लत झाली की उपायही चुकतो.

पहिला प्रकार खऱ्या बगचा. नियम स्पष्ट आहे, पण ब्राउजर तो पाळत नाही. फायरफॉक्समधली विस्कटलेली जोडाक्षरं या प्रकारातली.

दुसरा प्रकार ब्राउजरला सूचना माहीतच नसण्याचा. सूचना नवी असते आणि ब्राउजर जुना. सीएसएसचा मूळ नियम असा, की न कळलेली सूचना ब्राउजरने मुकाट्याने सोडून द्यायची आणि पुढची वाचायची. हा नियम पान लिहिणाऱ्याच्या मोठ्या उपयोगाचा आहे.

तिसरा प्रकार पान लिहिणाऱ्याच्याच चुकीचा, आणि मराठी पानांत तो भरपूर आढळतो. तयार टेम्पलेट बहुधा इंग्रजीसाठी आखलेलं असतं. इंग्रजी शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून त्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. तीच सूचना ‘कुणकेश्वर’ला लागली की शिरोरेषेत फटी पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. यात ब्राउजरची चूक नाही. त्याने सांगितलं तेच केलं.

ओळींच्या उंचीचंही तसंच. इंग्रजी अक्षराला वर-खाली जेवढी जागा पुरते तेवढी देवनागरीला पुरत नाही. ‘सिंधुदुर्ग’मध्ये वर वेलांटी, अनुस्वार आणि रफार आहेत, खाली दोन उकार आहेत. ओळीची उंची अक्षराच्या मापाइतकीच ठेवून बाहेर येईल ते कापायला सांगितलं, तर वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही जातात. अक्षराच्या दीडपट किंवा त्याहून थोडी जास्त उंची ठेवली की बहुतेक मराठी फॉन्ट मोकळा श्वास घेतात.

आणखी एक चूक दिसायला बारीक, पण मराठी डोळ्याला खटकणारी. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदीतल्या आकारांपेक्षा वेगळे. चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही आकार असतात, पण मराठी आकार निवडायचा हे ब्राउजरला कळायला पानावर ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी भाषेची खूण हवी. टेम्पलेटमधली इंग्रजीची खूण तशीच राहिली की मराठी आकार फॉन्टमध्ये असूनही वापरले जात नाहीत.

‘मागणी नोंदवा’ बटण कुठे जातं?

हा प्रश्न थेट पैशाचा आहे. फोनच्या पडद्याची पूर्ण उंची व्यापणारं पान करायचं तर ‘पडद्याच्या उंचीच्या शंभर टक्के’ अशी सूचना दिली जाते. पण फोनवर ही उंची स्थिर नसते. पत्ता दाखवणारी पट्टी कधी दिसते, कधी सरकून लपते. आयफोनवरच्या सफारीने पट्टी लपल्यानंतरची मोठी उंची खरी धरली. अँड्रॉइडवरच्या क्रोमनेही पुढे तेच केलं. परिणामी पान उघडताच, पट्टी दिसत असताना, तळाचं बटण पडद्याबाहेर राहतं. ज्याने पान वर सरकवून पाहिलं नाही, त्याला बटण आहे हेच कळत नाही.

यासाठी २०२२ मध्ये नवी मापं आली. त्यातलं एक माप पट्टी दिसतेय की लपलीय हे पाहून बदलतं. मार्चमध्ये ते सफारीत आलं, मे महिन्यात फायरफॉक्समध्ये आणि नोव्हेंबरमध्ये क्रोममध्ये. जुन्या फोनचं काय? तिथे मूळ नियम कामाला येतो. आधी जुनं माप लिहायचं, त्याच्या खालच्या ओळीत नवं. नवा ब्राउजर शेवटची ओळ मानतो. जुना ती सोडून देतो आणि आधीच्या ओळीवर थांबतो. दोन ओळींत दोन्ही पिढ्यांचे फोन सांभाळले जातात.

समाजमाध्यमांतून येणाऱ्या ग्राहकाची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरची लिंक अनेकदा त्या ॲपच्या आतल्याच खिडकीत उघडते. अँड्रॉइडवर अशी खिडकी बहुतेकदा ‘वेबव्ह्यू’ नावाचा वेगळा घटक चालवतो आणि तो क्रोमपासून स्वतंत्रपणे अद्ययावत होतो. मार्च २०२१ मध्ये या एका घटकात बिघाड झाला तेव्हा जीमेलसह अनेक ॲप जगभर बंद पडत होती. क्रोममध्ये तपासलेलं पान ॲपच्या खिडकीत तसंच दिसेल याची म्हणूनच खात्री देता येत नाही.

‘क्रोममध्ये उघडा’ एवढं सांगून भागेल?

तक्रार केली की हे उत्तर हमखास मिळतं. एके काळी त्या जागी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल’ अशी ओळ असायची. अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ती वर्षानुवर्षं राहिली. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी त्या ब्राउजरला निवृत्त केलं. त्याच्यावर विसंबलेल्या जुन्या पानांसाठी एजमध्ये एक खास सोय ठेवायला लागली आणि ती किमान २०२९ पर्यंत चालेल असं कंपनीने सांगितलं आहे. एकाच ब्राउजरवर विसंबण्याची किंमत अशी दशकभर मोजावी लागते.

शिवाय आयफोनवर हा सल्ला मुळातच पोकळ आहे. ॲपलच्या नियमामुळे भारतात आयफोनवरचा क्रोमही आतून वेबकिटवर, म्हणजे सफारीच्याच इंजिनावर चालतो. युरोपीय संघातल्या कायद्यामुळे २०२४ मध्ये तिथे दुसऱ्या इंजिनांना दार उघडलं गेलं. भारतातल्या ग्राहकाने सफारी सोडून क्रोम उघडला तरी वेबकिटमधला बग त्याच्याबरोबर येतोच.

सरकारी पानांच्या बाबतीत तर हे उत्तर चालूच नये. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती २००९ मध्ये आली आणि तिसरी २०२३ मध्ये. वेगवेगळ्या ब्राउजरवर पान तपासावं ही अपेक्षा त्यांत पहिल्यापासून आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात २०१८ पासून ऑनलाइन मिळतो. अशा सेवेचं पान एखाद्या फोनवर उघडलं नाही तर शेतकऱ्याला पुन्हा कार्यालयाची पायरी चढायला लागते. खेड्यात त्या एका फेरीत दिवस मोडतो.

मग पान लिहिणाऱ्याने करायचं काय?

अनुभवी लोक एक ठरलेला क्रम पाळतात. पहिली पायरी, दोष आपला नाही ना हे पाहणं. एखादा अर्धविराम सुटला किंवा कंस बंद करायचा राहिला तरी पुढच्या सूचना वाया जातात. अशा चुका दाखवणारी तपासणीची साधनं मोफत मिळतात.

दुसरी पायरी, पान छाटत जाणं. चित्रं काढा, मेनू काढा, सूचना एकेक करून काढा. बिघाड ज्या सूचनेबरोबर नाहीसा होतो, ती गुन्हेगार. शेवटी उरतात मजकुराच्या दोन-तीन ओळी आणि एक-दोन सूचना. हा छोटा नमुनाच पुरावा ठरतो.

तिसरी पायरी, ब्राउजरचं नाव न विचारता कुवत विचारणं. ‘तू सफारी आहेस का?’ या प्रश्नाचं उत्तर फसवं असू शकतं, कारण ब्राउजर स्वतःची ओळख सांगताना दुसऱ्यांची नावंही लावतात. ‘तुला ही सूचना कळते का?’ असं विचारायची सोय सीएसएसमध्येच आहे. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती २०१३ मध्ये आली, सफारीत २०१५ मध्ये. तिला एक मर्यादा मात्र आहे. सूचना कळते एवढंच ब्राउजर सांगतो, ती नीट पाळतो की नाही हे सांगत नाही. म्हणून शेवटी खऱ्या फोनवर पाहणं आलंच.

चौथी पायरी, तपासणीसाठी खरा मराठी मजकूर वापरणं. इंग्रजी किंवा निरर्थक लॅटिन मजकूर टाकून मराठी पान तपासलं, तर देवनागरीचा एकही दोष दिसत नाही. ‘सिंधुदुर्ग’, ‘कुणकेश्वर’, ‘श्री’, ‘किनाऱ्यावर’ असे चार शब्दही बरंच काही उघड करतात. रफार, उकार, जोडाक्षर आणि अर्धा ‘ऱ’ सगळे त्यांत येतात.

बग दुरुस्त कोण करतं?

पूर्वीच्या मानाने परिस्थिती बरीच सुधारली आहे. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि इतर काही संस्था मिळून ‘इंटरॉप’ नावाचा उपक्रम चालवतात. ब्राउजरांमधला फरक सर्वांत जास्त कुठे छळतो ते दरवर्षी ठरवायचं, सामायिक चाचण्यांवर प्रत्येक इंजिन तपासायचं आणि गुण जाहीर करायचे. कोणती सूचना सर्व ब्राउजरांत रुळली हे सांगणारा ‘बेसलाइन’ हा शिक्काही २०२३ मध्ये आला.

तरी एक मेख उरते. मोठ्या, लोकप्रिय संकेतस्थळांवर बिघाड झाला तर ब्राउजर कंपन्या कधी कधी त्या संकेतस्थळापुरती खास सवलत आपल्याच आज्ञावलीत घालतात. सफारी आणि फायरफॉक्स दोघांकडे अशा सवलतींच्या याद्या आहेत आणि त्या कुणालाही पाहता येतात. देवगडच्या बागायतदाराच्या पानासाठी अशी सवलत कुणी घालणार नाही. त्याच्या हाती एकच मार्ग आहे, तो म्हणजे बग नोंदवणं.

फायरफॉक्स, क्रोम आणि वेबकिट या तिघांच्या नोंदवह्या सर्वांसाठी खुल्या आहेत. कोणत्या लिपीचं काय बिघडतं याची तफावत-यादी वेबची मानकं ठरवणारी ‘डब्ल्यूथ्रीसी’ ही संस्था ठेवते. देवनागरीचीही यादी त्यात आहे. नोंद होण्यासाठी मात्र कुणीतरी ती करायला हवी. मराठी पान लिहिणारा बहुतेकदा सजावट काढून टाकतो, कडा समान करणं सोडतो, फॉन्ट बदलतो आणि काम भागवतो. त्याचं पान वाचतं, पण बग कुणाच्याच वहीत जात नाही. पुढचा माणूस त्याच ठिकाणी पुन्हा अडखळतो.

वाचकाला काय करता येईल?

पान बिघडलेलं दिसलं तर आधी ते ॲपच्या खिडकीतून बाहेर, फोनच्या मुख्य ब्राउजरमध्ये उघडून पाहा. ब्राउजर अद्ययावत करा. अँड्रॉइडवर वेबव्ह्यूही अद्ययावत करा. तरीही बिघाड राहिला तर स्क्रीनशॉट घ्या आणि पान चालवणाऱ्याला पाठवा. सोबत चार गोष्टी लिहा. फोन कोणता, ब्राउजर कोणता, त्याची आवृत्ती कोणती आणि लिंक कुठून उघडली. ‘तुमची साइट चालत नाही’ या वाक्याने कुणालाही काही शोधता येत नाही. या चार गोष्टींनी मात्र शोध कुठून सुरू करायचा हे कळतं.

सरकारी सेवेचं पान असेल तर तक्रार लेखी करा आणि त्याच चार गोष्टी त्यातही लिहा. ‘दुसऱ्या ब्राउजरमध्ये उघडा’ हे उत्तर आलं, तर वेगवेगळ्या ब्राउजरवर तपासणी करण्याची अपेक्षा सरकारच्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे, याची आठवण करून द्या.